उंटाने खाल्लेली छत्री

मी अठ्ठावीस वर्षं सातवीला भूगोल शिकवला आणि त्यातली सत्तावीस वर्षं खोटं बोलले. सगळ्या भूगोलात नाही. नद्या, पठारं, खनिजं यांच्या बाबतीत माझ्याइतकं काटेकोर आमच्या शाळेत कोणी नव्हतं. नकाशात भीमा अर्धा सेंटिमीटर इकडे गेली तरी मी वही परत करायची. खोटं फक्त एका धड्यात, वाळवंटाच्या.

पहिल्या वर्षी मी तो धडा प्रामाणिकपणे शिकवला होता. मधल्या सुट्टीनंतरचा तास, पोटात पोळीभाजी, वर पंखा बंद. मी पर्जन्यमान सांगत होते आणि निम्मा वर्ग झोपला होता. दुसऱ्या वर्षीही तीच गत होणार असं दिसत असताना मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, बाई, तुम्ही पाहिलंय का वाळवंट? माझी मजल तोवर एका बाजूला महाबळेश्वर आणि दुसऱ्या बाजूला सोलापूर एवढीच होती. पण मी म्हणाले, पाहिलंय, जैसलमेरला. आणि सगळा वर्ग ताठ बसला. एवढी मुलं एकदम माझ्याकडे बघतायत हे त्याआधी कधी झालंच नव्हतं. मला फार आनंद झाला, आणि त्या आनंदात मी घंटा होईपर्यंत बोलत राहिले.

पुढे दर वर्षी त्यात भर पडत गेली. आधी नुसता पिवळ्या दगडाचा किल्ला होता. मग वाळूत रुतलेली चप्पल आली, मग मिशीवाला उंटवाला आला. एकदा एका मुलाने विचारलं की बाई, तुम्ही रोज छत्री घेऊन येता, तर तिथेही नेली होती का? मी म्हणाले, नेली होती, पण उंटाने खाल्ली. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातल्या मराठीच्या बाई डोकावून गेल्या. त्यानंतर ती छत्री मला सोडता येईना. मोठ्या भावंडांकडून ऐकून आलेली मुलं जूनपासूनच विचारायची की उंटाचा धडा कधी येणार.

खरोखर जायचं आम्ही तीनदा ठरवलं. एकदा मुलाला कावीळ झाली, एकदा नणंदेचं लग्न निघालं, आणि तिसऱ्यांदा यांची रजा मंजूर झाली तर माझ्या अंगावर बोर्डाचे पेपर येऊन पडले. चौथ्यांदा मी विषय काढला तेव्हा हे म्हणाले, "तुझं तर झालंय की जाऊन. आता मी एकटाच जाऊन येतो." माझ्या यजमानांची जन्मभर विमा कंपनीत नोकरी झाली. माणूस खोटं बोलतोय हे त्यांना लगेच कळतं आणि ते शांतपणे लिहून ठेवतात.

निवृत्त झाल्यावर ही लोणकढी आपोआप मिटेल अशी माझी समजूत होती. पण जिभेला सवय लागलेली. कोथरूडला आमच्या सोसायटीतल्या आम्ही तिघीजणी रोज सकाळी टेकडीवर फिरायला जातो. मी, पहिल्या मजल्यावरच्या वहिनी आणि बी विंगमधल्या आत्या. आत्या मूळच्या लोणी काळभोरच्या, शेती बघितलेल्या. मुलाने इथे फ्लॅट घेतला म्हणून इथे आल्या आणि सगळ्या सोसायटीच्या आत्या झाल्या. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी वहिनी म्हणाल्या की चार दिवस कुठेतरी जाऊ या, पुरुषांना घरी ठेवून, आणि देवदर्शन नको. त्यांना फोनवर कोणीतरी जैसलमेरच्या किल्ल्याचं चित्र पाठवलं होतं. ते त्यांनी आम्हाला दाखवलं.

मी चित्र बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "आम्ही गेलो होतो तेव्हा एवढी गर्दी नव्हती."

झालं. त्या क्षणापासून मी सहलीची प्रमुख झाले. वहिनी रोज टेकडी चढताना प्रश्न विचारायला लागल्या. उंटावर साडी नेसून बसता येतं का? तिथे आपल्यासारखा चहा मिळतो का? दुपारी एक ते चार पडायला मिळतं का, की तिकडची माणसं दुपारीही फिरवतात? मी सगळ्याची ठाम उत्तरं दिली. साडी चालते, चहा गोड असतो, दुपारच्या झोपेचं आपण बजावून सांगायचं. घरी आले की मी फोनवर त्या गावाचे व्हिडिओ बघायची आणि सकाळी दिलेली उत्तरं बरोबर आहेत का ते तपासायची. हे पेपरावरून नजर न काढता म्हणायचे की इतकं वाळवंट उंटानेही पाहिलं नसेल.

आत्यांना मात्र मुळातच शंका होती. "नुसती वाळू बघाया जायचं? वाळू तर आमच्या नदीत बी हाय," असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. पण मग त्यांनी विचारलं की तिथे काय पिकतं? मी सांगितलं की बाजरी, मटकी, गवार, तेही पाऊस पडला तर.  आत्या म्हणाल्या की त्या पाण्यावर गवार घेणारी माणसं कशी दिसतात ते बघायला त्या येतील. ही माहिती खरी होती, पुस्तकातली होती. खरं बोलून माणूस तयार झालं याचं मला उगाच बरं वाटलं.

मग आत्यांनी सांगितलं की बुकिंग वगैरे आपल्याला जमायचं नाही, ते सूनबाई करेल. तीही येणार होती. ती खराडीला एका आयटी कंपनीत होती, सकाळी निघायची ती रात्रीच परतायची, त्यामुळे मी तिला गेटपाशी पाठमोरी सोडून कधी बघितलं नव्हतं. एका रविवारी सकाळी ती आत्यांना सोडायला टेकडीच्या पायथ्यापर्यंत आली. माझ्याकडे बघून थांबली आणि म्हणाली, "बाई, ओळखलंत का?"

मी चेहऱ्यावरून ओळखलं नाही. पण बोलण्याआधी तिचं एक बोट अर्धवट वर गेलं होतं, कोपर अंगाला चिकटलेलं, आणि त्या बोटावरून मला सगळं आठवलं. 

ती दुसऱ्या बाकावर बसायची. फार बोलायची नाही, पण विचारलं की नेमकं विचारायची. त्या वर्षी मी नेहमीप्रमाणे सांगत होते की संध्याकाळी मी किल्ल्याच्या बुरुजावर उभी होते, आणि सूर्य कलला तसा तो अख्खा किल्ला माझ्या डोळ्यांसमोर सोन्यासारखा उजळला. वर्ग गप्प, डोळे मोठे झालेले. तेवढ्यात ते बोट वर आलं. तिने विचारलं की बाई, किल्ल्यावर उभं राहिल्यावर अख्खा किल्ला कसा दिसेल? सिंहगडावर गेल्यावर सिंहगड दिसत नाही.

वर्गात खसखस पिकली. मी खडू ठेवला आणि तिला म्हणाले की उद्धटपणा पुरे, बाहेर हो, तास संपेपर्यंत मैदानात उभी राहा. ती गेली. खिडकीतून मला ती दिसत होती. पस्तीस मिनिटं ती शाळेकडे तोंड करून उभी होती, एकदाही इकडेतिकडे न हलता. मी छत्रीची गोष्ट सांगितली, पण त्या दिवशी माझी मलाच ती बेचव लागली.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढची आहे आणि ती मी आजवर कोणालाही, यांनासुद्धा, सांगितली नव्हती. पुढच्या वर्षापासून मी धडा बदलला. बुरुजावरून खाली उतरले, गावाबाहेरच्या एका उंचवट्यावर जाऊन उभी राहिले, आणि तिथून किल्ला बघायला लागले. गोष्ट जास्त चांगली झाली. त्या मुलीचं उत्तर मी चोरलं आणि तिची शिक्षा तशीच राहू दिली.

टेकडीच्या पायथ्याशी मी तिला म्हणाले की हो, हो, ओळखलं, किती मोठी झालीस. मुलं मोठी होतातच, पण दुसरं काही सुचेना. ती हसली आणि म्हणाली की बाई, तुमचा वाळवंटाचा धडा अजून आठवतो. मी घरी येऊन दोन कप चहा घेतला.

पुढच्या रविवारी साडेचारला, म्हणजे सगळ्यांची झोप झाल्यावर, आमच्या घरी बैठक ठरली. मी पोहे केले, वर खोबरं जरा जास्तच घातलं. सूनबाईने लॅपटॉप आणला होता. "मी सगळं एका शीटमध्ये टाकलंय, बाई. तुम्ही फक्त चेक करा," असं म्हणून तिने तो माझ्यासमोर ठेवला. काम चोख होतं. जोधपूरपर्यंत विमान, पुढे पाच तास गाडी, तीन मुक्काम. प्रत्येक दिवशी एक ते चार या रकान्यात 'झोप' असं लिहिलेलं होतं. वहिनींनी डोळ्यांवर चष्मा चढवून तो रकाना तीनदा वाचला आणि समाधानाने पाठ टेकली.

खाण्यावरून थोडी चकमक झाली. वहिनींना चार दिवसांच्या दशम्या न्यायच्या होत्या. आत्यांचं म्हणणं होतं की लोकांच्या गावाला जाऊन आपलंच खायचं असेल तर टेकडीवर बसून खाऊ. शेवटी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी यांवर तह झाला. मी अगदी खुशीत होते. आपण खरंच जातोय, या वेळी कोणाला कावीळ नाही, कोणाचं लग्न नाही, हे मला तेव्हा कुठे पटायला लागलं होतं.

मग पहिल्या दिवसाच्या संध्याकाळचा रकाना आला. तो रिकामा होता. सूनबाई म्हणाली की सूर्यास्त कुठून बघायचा ते बाई सांगतील. मी लगेच सांगितलं की गावाबाहेरच्या उंचवट्यावरून, म्हणजे मावळतीचं ऊन समोरच्या किल्ल्यावर पडतं आणि तो सगळा एका नजरेत येतो.

तिचं बोट अर्धवट वर गेलं. "पण बाई, तुम्ही तर बुरुजावर उभ्या होता ना?"

आवाजात टोमणा नव्हता. तोच जुना आवाज, बरोबर काय ते समजून घेणारा. मला अजूनही वेळ होता. दोन्हीकडून पाहिलं असं म्हणता आलं असतं, आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीने ते वाक्य तोंडाशी आलंही होतं. पण ते म्हटलं असतं तर मी तिला दुसऱ्यांदा बाहेर काढलं असतं, आणि या वेळी तर माझ्या स्वतःच्या घरातून. ते मला जमेना.

"मी जैसलमेरला कधीच गेलेले नाही," मी म्हणाले. "कुठल्याच वाळवंटात गेलेले नाही."

 वहिनींचा पोह्यांचा चमचा मध्येच थांबला. पहिल्यांदा आत्या बोलल्या. "मग उंटानं खाल्ली ती छत्री कुनाची व्हती?"

चहाचा ट्रे घेऊन आलेले आमचे हे दारातच थांबून म्हणाले, "ती कपाटामागे आहे. पाहिजे तर दाखवतो."

आत्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. वहिनी मात्र हसल्या नाहीत. उंटावर साडी चालते हेही तुम्ही ठोकूनच दिलंत का, असं त्यांनी विचारलं, आणि आपण चार साड्या इस्त्री करून ठेवल्यात हेही ऐकवलं. मी म्हणाले की तो माझा अंदाज होता. "अंदाज," असं म्हणून त्यांनी बशी खाली ठेवली. तो एक शब्द त्यांनी असा उच्चारला की मला जन्मभर पुरेल.

मी सूनबाईकडे बघत होते. तिने हळूच विचारलं, "मग मला का बाहेर काढलं होतं, बाई?"

"तुझा प्रश्न बरोबर होता म्हणून," मी म्हणाले. "आणि पुढच्या वर्षीपासून मी किल्ला बाहेरूनच दाखवायला लागले. तुझं ऐकून. तुला कधी सांगितलं नाही. माझं चुकलं."

 तिने लॅपटॉप बंद केला, चहा संपवला, कप स्वतः नेऊन आत ठेवला, आणि आत्यांना घेऊन गेली. वहिनी जाताना म्हणाल्या की जायचं की नाही ते बघू. दार लागल्यावर मी उरलेल्या पोह्यांसमोर बसून राहिले. मला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं, कारण आता वाळवंट गेलंच आणि ती मुलगीही गेली.

सोमवारी मी टेकडीवर गेले नाही. मंगळवारीही गुडघ्याचं कारण सांगितलं. माझा गुडघा ठणठणीत आहे हे यांना माहीत होतं, पण त्यांनी चहाबरोबर मुकाट्याने गुडघ्याचं मलम आणून ठेवलं. मी म्हणाले की मी काही जात नाही, माझं नाव काढायला सांगते. हे म्हणाले की जाऊन ये, निदान छत्री तरी खरी कर. मी चिडून आत निघून गेले. चिडायचं काही कारण नव्हतं, म्हणून जास्तच चिडले.

मंगळवारी दुपारी फोन वाजला. आमच्या चौघींच्या ग्रुपवर सूनबाईने नवीन शीट टाकलं होतं. माझं नाव काढलेलं नव्हतं. विमान तसंच, गाडी तशीच, झोप तशीच. उंटाच्या रकान्यात आता 'ड्रेस घालणे, साडी नको, चौकशी केली आहे' अशी नोंद होती. मी चष्मा पुसून पहिल्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत खाली गेले. तो रकाना आता भरलेला होता.

'५.३५ ते ६.१० – बाई किल्ल्याबाहेर उभ्या राहतील. किल्ल्याकडे तोंड करून. तास संपेपर्यंत.'

पाच पस्तीस ते सहा दहा, म्हणजे नेमकी पस्तीस मिनिटं. तिने मोजून घातली होती. मी दोन दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने हसले आणि काय झालं म्हणून हे बाहेरच्या खोलीतून आले. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, रास्त आहे. मग त्यांनी शीट जरा खाली सरकवलं आणि फोन मला परत दिला. त्याच रकान्यात खाली, लहान अक्षरात, अजून एक ओळ होती.

'सोबत मीपण उभी राहीन.'

त्यानंतर थोडा वेळ मला स्क्रीन नीट दिसत नव्हती. अठ्ठावीस वर्षांत मी किती जणांना बाहेर काढलं याचा हिशेब नाही, पण त्यांच्यातल्या एकाही मुलाबरोबर मी बाहेर जाऊन उभी राहिले नव्हते. हे तेव्हा सुचलंही नव्हतं.

वहिनींचा अंगठा आला. त्यांनी खाली विचारलं की ड्रेसखाली मोजे चालतील का. मग आत्यांचा आवाजातला निरोप आला, मागे कुकरची शिट्टी: "बाई, उद्या टेकडीवर या. आन् तिकडं जाताना ती छत्री घ्या. उंट खातो का न्हाई ते एकदा बघूच."

मी ग्रुपवर एकच शब्द लिहिला. हजर.

मग स्टूल घेऊन कपाटामागून छत्री काढली. काळं कापड विटलंय, एक काडी वाकडी आहे, लाकडी मुठीवर अजून खडूचा पांढरेपणा आहे. ती बॅगेत मावत नाही, त्यामुळे हातातच न्यावी लागेल.